मठाचा कोठारी : दों पियेर पेरिन्यों

ख्रिस्तयागात वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस शुद्ध, निर्भेळ व न बिघडलेला असावा, असा पवित्र ख्रिस्तसभेचा दंडक आहे. तो तसा उतरावा म्हणून मळ्यात, घाण्यापाशी व तळघरात कोणास तरी दक्ष राहावे लागते, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. अशाच एका दक्ष सेवकाचे चरित्र या महोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पियेर पेरिन्यों यांचा जन्म फ्रान्सच्या शँपेन प्रांतात सेंत-मनू या गावी १६३८ च्या अखेरीस झाला व ५ जानेवारी १६३९ रोजी त्यांना बाप्तिस्मा मिळाला. शालों येथे येशूसंघीय गुरूंजवळ विद्याभ्यास करून ते तरुण वयातच व्हर्दें येथील बेनेदिक्तपंथी मठात दाखल झाले. ‘दों’ ही त्या पंथाच्या संन्याशांची सन्मानाची पदवी होय. १६६८ साली मार्न नदीवरील टेकडीवर वसलेल्या ओव्हिलेर मठाचे कोठारीपण त्यांच्याकडे आले आणि पुढे मृत्यूपर्यंत सत्तेचाळीस वर्षे त्यांनी ते सांभाळले.

कोठारी हा मिताहारी व निर्व्यसनी असावा आणि मठाची साधी भांडीदेखील त्याने वेदीवरील पात्रांइतकीच पवित्र मानावीत, असे संत बेनेदिक्त यांच्या नियमात सांगितले आहे. दों पेरिन्यों यांनी हा नियम आपल्या जिभेसही लावला. त्यांचे शिष्य ब्रदर पियेर यांनी लिहून ठेवले आहे, की द्राक्षे पिकू लागली म्हणजे ते मळ्यांतून नित्य फिरत, परंतु तेथे फळ चाखीत नसत. निरनिराळ्या मळ्यांतील घोस आणवून ते रात्रभर खिडकीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्यांची चव पाहत. कोणत्या मळ्याचा रस कोणत्या रसाशी मिसळावा, हे ते त्या चवीवरून व त्या वर्षीच्या ऊनपावसावरून ठरवीत. एका मळ्यात गोडी अधिक, दुसऱ्यात आंबटपणा अधिक; दोहोंचा समतोल मिश्रणाने साधे. त्यांच्या देखरेखीखाली मठाचे मळे सुमारे दुपटीने वाढले व येथील द्राक्षारसाची कीर्ती राजधानीपर्यंत पोहोचली.

त्या काळी कोणत्या प्रांताचा द्राक्षारस श्रेष्ठ, यावरून फ्रान्समध्ये मोठा वाद चाले. चौदाव्या लुईचे राजवैद्य फागों यांनी राजास शँपेनऐवजी बर्गंडीचा जुना रस घेण्याचा सल्ला दिला होता. अशा वादात ओव्हिलेरचा कोठारी मात्र आपल्या कामातूनच उत्तर देत राहिला.

आज त्यांचे नाव फेसाळ शँपेनचे जनक म्हणून सर्वत्र घेतले जाते. ही कीर्ती सुंदर असली तरी खरी नव्हे. शँपेन प्रांतात हिवाळ्याच्या थंडीने रसाचे आंबणे अर्धवट थांबे व वसंतातील उबेने बाटलीत पुन्हा सुरू होई. त्या वायूने बुडबुडे येत आणि बाटल्याही फुटत. दों पेरिन्यों यांच्या दृष्टीने हा दोष होता व तो टाळण्याचाच त्यांचा प्रयत्न असे. द्राक्षारसात साखर घालून तो फेसाळ करण्याची रीत इंग्लंडात ख्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच, म्हणजे ते कोठारी होण्यापूर्वी, नोंदवून ठेवली होती. मठ बंद झाल्यानंतर १८२१ साली तेथील एक जुने संन्यासी दों ग्रोसार यांनी लिहिलेल्या पत्रातून ही आख्यायिका पसरली. ते आंधळे होते, ही कथाही अशीच निराधार होय.

सप्टेंबर १७१५ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्याच वयाचा चौदावा लुई त्याच महिन्यात निवर्तला होता. कोठाऱ्याचे शरीर ओव्हिलेरच्या मठमंदिरात विसावले. पुढे मोएत व शांदों या पेढीने १९२१ च्या द्राक्षांचा रस १९३६ मध्ये त्यांच्या नावाने विक्रीस आणला आणि ते नाव जगभर झाले.

कन्हानकाठच्या आपल्या मौद्यापासून ते मळे फार दूर; आपल्या राज्यात द्राक्षाचे मळे म्हटले, की नाशिककडेच बोट दाखवावे लागते. तरीही या चरित्राचा बोध आपल्या दाराशी आहे. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली, त्याच्याच अंगी संयम असावा लागतो. पिणारा स्वतःला विसरतो, चाखणारा मात्र शुद्धीवर राहतो. ज्यांच्या अंगी खरे गुण आहेत, त्यांना उसन्या कीर्तीची गरज नसते. दों पेरिन्यों यांच्या नावाभोवतीचा फेस ओसरू दिला, तरी खाली राहतो तो सत्तेचाळीस वर्षांच्या निष्ठेचा स्वच्छ रस. आणि स्मरणास तेवढा पुरेसा आहे.