वैऱ्यांवर प्रीती आणि साताऱ्याचे टिळक

आजचं वाचन: मत्तय ५:४३-४८



गेल्या रविवारी सांगलीहून पुण्याला परत येत होतो. घरी सकाळचा शांतसमय झाला नव्हता, म्हणून गाडीत मोबाइलवर वचन उघडलं आणि नेमका हाच उतारा समोर आला. वैऱ्यांवर प्रीती करायची, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. संडेस्कूलमध्ये याचं पाठांतर केलंय, बक्षीसही मिळवलंय. पण त्या दिवशी पुढची ओळ वाचवेना. दोन दिवस घरी राहिलो आणि दादाशी दोन वाक्यंही धड बोललो नाही. २०१९ च्या पुरानंतर घराच्या दुरुस्तीत कोणी किती पैसे घातले यावरून जे बिनसलं ते अजून तसंच आहे. आईने दोघांना एकाच ताटलीतून भडंग दिलं. आम्ही ते आळीपाळीने, एकमेकांकडे न बघता खाल्लं.

कऱ्हाड मागे पडलं तेव्हा रेव्हरंड टिळक आठवले. केसरीवाले नव्हेत, आपले नारायण वामन टिळक. उपासनेत आपण ज्यांची गाणी गातो ते. त्यांच्या आयुष्यालाही वळण लागलं ते गाडीतच, आणि तेही याच तीन अध्यायांनी.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. आई लहानपणीच गेली. पुढे नाशिकला संस्कृत शिकले, कविता केल्या, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. एका जागी टिकणारा हा माणूस नव्हता. देशाचं भलं व्हायचं तर एक नवा धर्मच हवा असं त्यांना वाटे, आणि तो आपण काढावा असाही विचार चालू होता. अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. साहेब आपल्याला उठवणार असं टिळकांना वाटलं, पण त्यांनी सरकून जागा दिली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरताना त्या गृहस्थांनी नवा करार हातात ठेवला.

टिळक वाचायला बसले ते हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि तिथेच अडकले. डोंगरावरील प्रवचन सोडवेना. आपल्याला हे जमतं का पाहा! आपण वर्षात बायबल संपवण्याचं वेळापत्रक लावतो, ॲपवर हिरवी टिक आली की समाधान. (माझीही सलग ४१ दिवसांची टिक आहे, दादाशी अबोला धरून.) टिळकांनी त्या पानांना आपलं आयुष्य वाचू दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरचा भाग आपण साक्षीत फार भरभर उरकतो. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. घर तुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. पंढरपूर, नाशिक, कुठे कुठे. जवळजवळ पाच वर्षं. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि लोकांची बोलणी तिने ऐकायची. प्रीतीचं वचन एकाने वाचलं आणि किंमत दुसरीने मोजली, असं मला ‘स्मृतिचित्रे’ वाचताना प्रत्येक वेळी वाटतं. टिळक संत होते असं लक्ष्मीबाई कुठेच भासवत नाहीत. ते तापट होते, पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे, बायकोला न विचारता निर्णय घेत. पण ते पत्रं लिहीत राहिले. दार बंद असताना लिहीत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या तेव्हाही त्यांचं सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी सुरू होतं, आणि टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने.

नगरच्या वर्षांत टिळकांनी जे केलं त्यावर आपली मंडळी आजही जगते. शेकडो गीतं, अभंग, ‘ज्ञानोदया’चं संपादन. तुकोबांचा हात धरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते मानत, म्हणून त्यांची प्रार्थना ओवी-अभंगातून येते, भाषांतरासारखी वाटत नाही.

आणि मग सातारा. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला राहायला आले. तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ज्यांनी त्यांना जातीबाहेर टाकलं त्यांच्यासाठीही दार उघडं. मला हा त्यांचा मत्तय ५ वरचा सगळ्यात चांगला अभ्यास वाटतो. गडबड एवढीच की हातात वेळ उरला नव्हता. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पाच वर्षं दूर राहिलेल्या त्याच लक्ष्मीबाईंनी.

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे. गाडी तिथे थोडीच थांबते. चहावाला आला, चहा घेतला आणि तो उतारा पुन्हा उघडला. या वेळी एकेक ओळ घेऊन प्रार्थना करायची ठरवलं. ‘वैरी’ हा शब्द आला तिथे दादाचं नाव घातलं आणि लाज वाटली, कारण तो वैरी नाहीच. पुरात गुडघाभर चिखलात उभं राहून बाबांची जुनी बायबल पोटाशी धरून बाहेर काढली होती त्याने. मी तेव्हा पुण्यात होतो. हिशेबात ते मी कधी धरलंच नव्हतं.

प्रार्थना नीट झाली नाही. निम्मी तर तक्रारच होती. वाठारपर्यंत नुसतं त्याचं नाव घेत राहिलो, लोणंदला गाडी आली तेव्हा फोन लावला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ते अंघोळीला गेलेत, आले की सांगते.

प्रभू, दादाला आज सांभाळ. त्याच्या पाठीचं दुखणं कमी कर. आणि त्याचा फोन आला तर मला आधी ऐकू दे. आमेन.