विस्मरणाच्या आजाराला नाव देणारा डॉक्टर

कफ परेडच्या मच्छीमार नगरात वर्षानुवर्षे मासळी विकणारी एखादी मावशी सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकू लागली, तर घरचे वयाला दोष देतात. विस्मरण म्हणजे केवळ वय नव्हे, हे दाखवून देणाऱ्यांत अलॉइस अल्झायमर यांचे नाव अग्रभागी आहे.

१४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे त्यांचा जन्म झाला. १८८७ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याची पद्धत शोधणारे फ्रान्झ निस्ल हे तिथले त्यांचे सहकारी. रुग्णांशी बोलणे आणि सूक्ष्मदर्शक, या दोन्हींत अल्झायमर रमत.

१९०१ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच नोव्हेंबरात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची रुग्ण दाखल झाली. आधी तिने नवऱ्यावर विनाकारण संशय घेतला, मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू भलतीकडे लपवल्या जाऊ लागल्या. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच थांबे. या वयात म्हातारपणाचे कारण पुरेसे नव्हते. अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे बारकाईने टिपून ठेवले.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा ते म्युनिकला होते. तिचा मेंदू मागवून त्यांनी तपासला. मेंदूचा बाह्य थर झिजला होता, पेशींमध्ये तंतूंचे गुंते होते आणि पेशींबाहेर साका साचला होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षीच, त्यांचे निधन झाले.

डेटरच्या घरच्यांना दिसलेल्या खुणा आजही त्याच आहेत. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, नेहमीचे कालवण बिघडणे, हिशेब न जुळणे, पैसे चोरल्याचा आळ घेणे, माणसांत मिसळणे टाळणे. चष्मा विसरणे वेगळे. चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. असे बदल वाढत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचाराने सुधारू शकते. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही. पण लवकर कळला, तर औषधोपचाराला, काळजीची सोय लावायला आणि रुग्णाला स्वतःचे निर्णय घ्यायला वेळ मिळतो.