पहिल्या मिनिटाची परीक्षा

बालक जन्मताच रडले, की घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. त्या रडण्याबरोबर त्याची फुप्फुसे प्रथमच हवेने भरतात. परंतु काही बालके जन्मतःच नीट श्वास घेत नाहीत. अशा बालकांकडे अवघ्या वैद्यकजगताचे लक्ष वेधले ते डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार यांनी.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील वेस्टफील्ड या गावी झाला. १९३३ साली कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून त्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊ लागल्या. परंतु त्या काळी या क्षेत्रात स्त्रियांना फारसा वाव नव्हता. म्हणून गुरूंनी त्यांना भूल देण्याचे शास्त्र शिकण्याचा सल्ला दिला. खचून न जाता त्यांनी त्या शास्त्रात प्रावीण्य मिळवले. १९४९ साली त्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या.

प्रसूतिगृहात काम करताना एक गोष्ट त्यांच्या मनाला बोचू लागली. प्रसूतीनंतर सर्वांचे लक्ष मातेकडे असे. निपचित पडलेले बालक जगणार नाही, असे समजून पुष्कळदा त्याच्यासाठी प्रयत्नच होत नसत. यावर त्यांनी १९५२ साली एक साधा उपाय मांडला. जन्मानंतर एका मिनिटाने बालकाच्या पाच गोष्टी पाहावयाच्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यावयाचे. ठोके मिनिटाला १०० किंवा अधिक असले तर २ गुण, त्याहून कमी असले तर १, मुळीच नसले तर ०. एकूण गुण १०.

या परीक्षेसाठी ना यंत्र लागे, ना पैसा. परंतु गुण द्यावयाचे म्हणजे कोणीतरी बालकाकडे नीट निरखून पाहणे भागच पडले! ज्याचे गुण कमी, त्याचा श्वसनमार्ग मोकळा करून त्याला श्वास देण्याची धडपड सुरू झाली. स्वतः ॲपगारही श्वसनमार्ग मोकळा करण्याची साधने सदैव जवळ बाळगीत.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या निवर्तल्या. आज श्वास न घेणाऱ्या बालकाला मदत करण्यासाठी डॉक्टर मिनिट पुरे होण्याचीही वाट पाहत नाहीत. तरीही पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला हे गुण जगभर मांडले जातात. त्या स्वतः माता झाल्या नाहीत. परंतु असंख्य बालकांच्या आयुष्यातील पहिल्या नोंदीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.