भास्कराचार्यांनी वयाच्या ६९ व्या वर्षी डॉक्युमेंटेशन अपडेट केलं

मागच्या महिन्यात माझ्याकडून एक गोची झाली. आमच्या प्रोजेक्टमध्ये जँगोची नवीन व्हर्जन टाकली, कोड बदलला, टेस्ट पास झाल्या, मी खुश. पण सेटअपची गाईड बदलायची राहून गेली. दोन दिवसांनी टीममध्ये नवीन आलेला मुलगा त्या जुन्या गाईडप्रमाणे एकेक कमांड टाकत बसला आणि अख्खी दुपार त्याची वाया गेली. चूक त्याची नव्हतीच. गाईडमध्ये लिहिलेलं सगळं एके काळी बरोबर होतं.

एके काळी बरोबर होतं, हाच डॉक्युमेंटेशनचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम. आणि या प्रॉब्लेमवर काम केलेला सगळ्यात भारी माणूस मला आमच्या जळगाव जिल्ह्यातच सापडला. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलात पाटणादेवी आहे. शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा सरांनी सांगितलं होतं की भास्कराचार्य इथले. तेव्हा माझं लक्ष डब्याकडे होतं.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण घराण्याचा पाटणशी असलेला संबंध तर दगडावर कोरलेला आहे, त्याकडे पुढे येतो. वडील महेश्वर, तेच गुरू. घरातच ज्योतिष, म्हणजे त्या काळचं खगोलशास्त्र.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती उघडून बघा, आधी नियम आणि लगेच उदाहरण. चांगल्या फ्रेमवर्कचं ट्यूटोरियल असंच असतं. पायसाठीसुद्धा त्यांनी दोन किमती दिल्या आहेत: नेमकं काम असेल तर ३९२७ भागिले १२५०, आणि रोजच्या कामाला २२ भागिले ७. कुठे किती अचूकता लागते हे वापरणाऱ्याला सांगणं, हे आजही कित्येक डॉक्समध्ये नसतं.

श्लोकात लिहिलेलं पाठ व्हायला सोपं, पण समजायला अवघड. म्हणून त्यांनी स्वतःच त्यावर गद्य टीका लिहिली, तिचं नाव वासनाभाष्य. (हसू नका, इथे वासना म्हणजे नियमामागचं कारण, उपपत्ती.) यात ते बग फिक्सही करतात. त्यांच्या आधीच्या लल्ल नावाच्या ज्योतिषाने गोलाच्या पृष्ठफळासाठी वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ असं सूत्र दिलं होतं. भास्कराचार्यांनी ते चूक ठरवलं आणि परीघ गुणिले व्यास हे बरोबर सूत्र दिलं. नुसतं दिलं नाही, का ते पण समजावलं: आवळ्यावर उभ्या रेघा असतात तसे गोलाचे भाग पाडा, एका भागाचं क्षेत्रफळ काढा आणि सगळ्यांची बेरीज करा. त्रिज्या १ धरून तुम्हीच करून बघा. लल्लचं उत्तर साधारण १९.७ येतं, बरोबर उत्तर १२.५७. एवढा फरक.

इथपर्यंत झालं असतं तरी नाव राहिलंच असतं. पण मला खरी आवडते ती ३३ वर्षांनंतरची गोष्ट.

सिद्धांत पद्धतीत ग्रह कुठे आहे हे काढायचं तर कल्पाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत किती दिवस झाले ते आधी मोजावं लागतं. याला अहर्गण म्हणतात. कल्पापासूनची वर्षंच १९७ कोटींच्या वर, म्हणजे दिवस साधारण ७२ हजार कोटी. बारा आकडी संख्या, कॅल्क्युलेटर नाही, आणि त्या संख्येने ग्रहाची गती गुणायची. पंचांग करणाऱ्याने एक आकडा चुकवला की सगळं गेलं. दुसरी भानगड अशी की गतीत अगदी बारीक चूक असली तरी ती दिवसागणिक साठत जाते. रोज एक सेकंद पुढे पळणारं घड्याळ वर्षभरात सहा मिनिटं पुढे जातं, तसंच. मग ग्रहण सांगितल्या वेळेला लागत नाही, आणि ते तर सगळं गाव बघतं!

११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. करण म्हणजे हातात धरून काम करायचं पुस्तक. त्यात त्यांनी मोजणीची सुरुवातच पुढे आणली. फेब्रुवारी ११८३ मधला एक दिवस शून्य धरला, त्या दिवशी कोणता ग्रह कुठे होता ते आकडे तयार करून दिले. या आकड्यांना क्षेपक म्हणतात. आता फक्त त्या दिवसापासून पुढचे दिवस मोजायचे, गतीने गुणायचे आणि क्षेपकात मिळवायचे. बारा आकड्यांचं काम चार-पाच आकड्यांवर आलं.

तुमच्या मोबाईलमध्ये आत्ता हेच चाललंय. युनिक्स टाइम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, आपण त्याला इपॉक म्हणतो. ३२ बिटवाल्या जुन्या सिस्टिममध्ये ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार आहे, त्याची तयारी जगभर सुरू आहे. टाइम झोनसुद्धा त्यांच्याकडे होता: गणित उज्जैनच्या रेषेवर करायचं आणि मग आपल्या गावासाठी देशांतराचा संस्कार द्यायचा.

गंमत म्हणजे त्यांनी जुना ग्रंथ फेकून दिला नाही. ज्याला का ते समजून घ्यायचंय त्याने शिरोमणी वाचावा, ज्याला उद्याचं पंचांग करायचंय त्याने करणकुतूहल घ्यावं. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच पानावर कोंबतात.

पण लिहिणारा गेल्यावर हे सांभाळायचं कोणी? भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून बोलावून आपल्या दरबारात पंडितांचा प्रमुख केलं. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला मठ काढला, तो आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवण्यासाठी. तिथला स्थानिक राजा निकुंभ वंशातला सोइदेव, त्याने मठाला दान दिलं. वर्ष १२०७, श्रावणी पौर्णिमा, आणि वेळ चंद्रग्रहणाची. खगोलशास्त्राच्या मठासाठी यापेक्षा बरा मुहूर्त कोणता!

हे सगळं पाटणच्या शिलालेखात आहे. लेख संस्कृत, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. कारण तिथे पैशांचा हिशेब आहे: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठाचा हिस्सा, तेलाच्या घाण्यावर तेल. ज्या व्यापाऱ्याने आणि तेल्याने द्यायचं त्याला कळलं पाहिजे, म्हणून त्याच्या भाषेत. आज कितीतरी ओपन सोर्स प्रोजेक्टची डॉक्स सांभाळणारी माणसं फुकट राबतात आणि थकून सोडून देतात. आमच्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी त्यासाठी बाजारातून वर्गणी लावलेली होती.

पुढे मठ राहिला नाही, लेख जंगलात विसरला गेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात पुन्हा उजेडात आणला. ग्रंथ मात्र फिरत राहिले. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावती फारसीत नेली, कोलब्रुकने १८१७ मध्ये इंग्रजीत. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती फैजीच्या प्रस्तावनेतली आहे, भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. भाषांतर करणाऱ्याची कॉमेंट लोकांनी मूळ कोड समजून घेतली.

आणि करणकुतूहलही जुनं झालंच. ११८३ पासूनचे दिवस पुन्हा लाखाच्या वर गेले. १५२० मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव लिहिलं, इपॉक पुन्हा पुढे आणला, आणि दिवसांचे ११-११ वर्षांचे गठ्ठे केले. एक गठ्ठा ४०१६ दिवसांचा. त्यामुळे दिवसांची संख्या कधीच त्याच्या वर जात नाही. याच गणेश दैवज्ञांनी पुढे लीलावतीवर टीकाही लिहिली.