मरायला नकार देणाऱ्या पेशी आणि कमल रणदिवे

८ नोव्हेंबर २०२१ला गूगल डूडलवर कमल रणदिवे होत्या, आठवतं? १९१७ साली पुण्यात जन्म, १९४९ साली पीएचडी. अमेरिकेत शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवायची सोय.

बिघडलेली पेशी एरवी स्वतःलाच संपवते. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेज एन्झाइम्स जागी होतात, आतली प्रथिनं कापतात. कॅस्पेजचं हे काम १९९०च्या दशकात उलगडलं. कर्करोगाची पेशी मात्र मरणच टाळते. अशी हट्टी पेशी बाहेर वाढवली, की तिच्यावर औषध तपासता येतं.

२००१ साली कमलताई गेल्या. मी अलिबागचा, त्यांची संस्था आता आमच्याच रायगडात, खारघरला आहे. या पेशींना मरायला लावायचे प्रयत्न चालूच आहेत.