भुकेल्यांचा चित्रकार : चित्तप्रसाद

चित्र विकत घेणे ज्यांना कधीच शक्य नव्हते, अशा माणसांसाठी चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी आयुष्यभर चित्रे काढली. त्यांचा जन्म २१ जून १९१५ रोजी बंगालमधील नैहाटी येथे झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. चितगाव येथे महाविद्यालयात शिकत असताना ते शेतकऱ्यांच्या चळवळीत सामील झाले. जातिभेद मान्य नसल्यामुळे त्यांनी आपल्या नावातून आडनाव वगळले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यावर भीषण चक्रीवादळ कोसळले. समुद्राचे खारे पाणी शेतांत शिरले. उभे पीक आणि गुरेढोरे वाहून गेली. जपानी सैन्य येईल या भीतीने इंग्रज सरकारने किनारपट्टीवरील होड्या व तांदळाचे साठे आधीच ताब्यात घेतले होते. त्यातच महायुद्धामुळे धान्याचे भाव भडकले. निसर्गाच्या कोपाला राज्यकर्त्यांच्या अनास्थेची जोड मिळाली आणि या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे प्राणास मुकली. असंख्य कुटुंबे गाव सोडून भाताच्या पेजेसाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर आली.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावोगावी फिरले. ओस घरे, हाडांचे सापळे झालेली मुले आणि वाटेवर बसलेली माणसे त्यांनी काळ्या शाईने रेखाटली. ज्यांची नावे समजली, ती नावेही त्यांनी नोंदवली. कारण त्यांच्या दृष्टीने ती केवळ मृतांची संख्या नव्हती. ही रेखाटने ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. सरकारने पुस्तकाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. परंतु कुटुंबीयांनी जपलेली एक प्रत वाचली आणि पुढे तिच्यावरून ते पुस्तक पुन्हा छापले गेले.

१९४६ च्या सुमारास चित्तप्रसाद मुंबईत आले आणि अंधेरी येथे राहू लागले. त्याच वर्षी झालेल्या नाविकांच्या उठावाची चित्रेही त्यांनी काढली. पोटासाठी दूरवरून आलेल्या कष्टकऱ्यांच्या या नगरीत तेही आता एक स्थलांतरित होते. येथे त्यांनी लिनोचे माध्यम विशेष जोपासले. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे काढून नको असलेला भाग कोरून टाकतात. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावून त्यावर कागद दाबला की चित्र उमटते. साहित्य स्वस्त असते, मोठ्या यंत्रावाचून काम भागते आणि एका ठशावरून अनेक प्रती निघतात. चित्र थोड्या पैशांत पुष्कळांपर्यंत पोहोचावे, हा त्यांचा हेतू त्यामुळे साध्य झाला.

शेतकरी, मजूर आणि राबणारी मुले हे त्यांच्या छापचित्रांचे विषय होते. बालमजुरांवरील त्यांची चित्रमालिका १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने पुस्तकरूपाने प्रकाशित केली. झोपडपट्टीतील मुलांसाठी त्यांनी ‘खेलाघर’ नावाचा बाहुल्यांचा खेळही उभा केला. कीर्ती लाभली, तरी सुबत्ता त्यांच्या वाट्याला आली नाही. १३ नोव्हेंबर १९७८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

दुष्काळ ओसरतो, वाहून गेलेली शेते पुन्हा पिकतात. पण गाव सोडावे लागलेल्या माणसांची आठवण सहज पुसली जाते. ती पुसली जाऊ नये म्हणून चित्तप्रसाद यांनी आपली लेखणी आणि कोरणी झिजवली.