पट्ट्याची पकड

ह्यूब व्हान डोर्न यांचा जन्म अमेरिकेत झाला. पण ही अमेरिका कोलंबसाची नव्हे. हॉलंडच्या लिम्बुर्ग प्रांतात या नावाचे एक लहानसे खेडे आहे. तिथे १ जानेवारी १९०० रोजी एका लोहाराच्या घरी हा मुलगा जन्मला. वडील लवकर गेले आणि कोवळ्या वयातच ह्यूबच्या हाती हातोडा आला. शाळेतले शिक्षण जेमतेम झाले. बाकीचे त्यांनी भात्यासमोर उभे राहून मिळवले.

आइंडहोवेन शहरात एका बिअर कारखान्याच्या संचालकांची मोटार बिघडली होती. ह्यूबनी ती दुरुस्त केली. ते काम पाहून त्या गृहस्थांनी स्वतंत्र धंद्यासाठी त्यांना पैसे दिले. तारण काय? एक दुरुस्त झालेली मोटार आणि दोन कसबी हात! आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला असे तारण पाहून धडकी भरते आणि हेवाही वाटतो. १९२८ साली त्या पैशावर एक लहानसे वर्कशॉप उभे राहिले. धाकटे भाऊ विम हिशेब आणि व्यवहार सांभाळायला आले. आधी मालवाहू ट्रेलर, मग १९४९ पासून ट्रक, असा 'डाफ' या कंपनीचा पसारा वाढत गेला.

ट्रकवर पैसा मिळत होता, पण ह्यूब यांच्या मनात सामान्य कुटुंबाला सहज चालवता येईल अशी मोटार घोळत होती. क्लच आणि गिअर यांची कसरत त्यांना नको होती. १९५८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात 'डाफ ६००' लोकांसमोर आली. इंजिन ५९० सीसीचे, दोन सिलिंडरांचे, ताकद २२ अश्वशक्ती. नवल होते ते मागच्या बाजूला. तिथे दातेरी चक्रांच्या गिअरबॉक्सऐवजी रबरी पट्टे होते.

आपल्याकडे बिनगिअरची स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे तत्त्व अनुभवले आहे. पट्टा दोन पुल्यांवरून फिरतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू. शंकू जवळ आले की पट्टा वर सरकून मोठ्या वर्तुळात फिरतो. दूर गेले की खाली उतरतो. एक पुली मोठी होते तेव्हा दुसरी लहान होते. त्यामुळे पहिला, दुसरा, तिसरा असे टप्पेच उरत नाहीत. जिन्याच्या जागी उतरण येते. यालाच आज सीव्हीटी म्हणतात.

गाडी खपली, पण तिची थट्टाही झाली. ती म्हाताऱ्यांची आणि नवशिक्यांची गाडी ठरली. उलटी चालवली तरी पुढे जाण्याइतक्याच वेगाने धावते, म्हणून लोक तिच्या उलट्या शर्यती लावत. डाफने थट्टेला मैदानात उत्तर दिले. १९६०च्या दशकात पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींत उतरल्या. १९६८च्या लंडन ते सिडनी महाशर्यतीतही डाफ ५५ होती. ती शर्यत दिल्लीवरून मुंबईला आली आणि तिथून गाड्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या.

पण एक अडचण ह्यूब यांना पुरती ठाऊक होती. रबरी पट्टा घर्षणावर जगतो. दातेरी चक्राला दात असतात, ते घसरत नाही. पट्ट्याजवळ असते फक्त पकड. इंजिनाचा फिरवणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, त्या पकडीपेक्षा वाढला की पट्टा घसरलाच. इंजिनाची ताकद वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे टर्बो: बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर पंखा फिरवायचा आणि त्याच्या बळावर जादा हवा सिलिंडरात कोंबायची. डाफने आपल्या ट्रकच्या डिझेल इंजिनांत १९७३ साली टर्बोची तापलेली हवा थंड करून भरण्याची सोय आणली. ट्रकला दातेरी गिअर होते, त्यांनी तो भार सोसला. रबरी पट्ट्याच्या मोटारीला ते झेपणारे नव्हते.

सत्तरी ओलांडलेला हा लोहाराचा मुलगा पुन्हा कामाला लागला. या वेळी रबर नव्हते, पोलाद होते. पातळ पोलादी कड्यांवर शेकडो चपट्या पोलादी चकत्या ओवून त्याने पट्टा तयार केला. हा पट्टा ओढत नाही, ढकलतो! चकत्या एकमेकींना रेटत पुढे जातात. पुल्या त्याला तेलाच्या दाबाने आवळून धरतात. यासाठी ह्यूबनी वेगळी कंपनी काढली. इकडे मोटारींचा कारखाना मात्र हातून गेला. १९७५ साली त्याची सूत्रे व्होल्वोकडे गेली. २३ मे १९७९ रोजी ह्यूब वारले. तोपर्यंत त्यांचा पोलादी पट्टा बाजारातल्या मोटारींत आलेला नव्हता. १९८७ साली तो फोर्ड, फियाट आणि सुबारू यांच्या लहान गाड्यांत दिसू लागला. १९९३ साली विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीवर अशा पट्ट्याची चाचणी घेतली. पुढच्याच वर्षापासून नियमांनी त्याला दार बंद केले.

टर्बो आणि पट्टा यांचा संसार आता जुळला आहे, पण तडजोडीने. २०२० साली भारतात आलेली निसान मॅग्नाइट घ्या. एक लिटरचे साधे इंजिन ९६ न्यूटन-मीटर टॉर्क देते. टर्बोचे इंजिन हाताच्या गिअरसोबत १६० देते, सीव्हीटीसोबत १५२. पट्ट्याची पकड लक्षात घेऊन कारखानाच हात आखडता घेतो.

म्हणून साध्या सीव्हीटी गाडीला बाहेरून टर्बो बसवून घेण्याचा मोह होणाऱ्या हौशी मंडळींनी ह्यूब यांचे आयुष्य आठवावे. तेलाचा दाब किती ठेवायचा हे गाडीतला संगणक इंजिनाच्या अपेक्षित जोरावरून ठरवतो. बाहेरून भरलेली ताकद त्याच्या खात्यात नोंदलेलीच नसते. मग पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, पोलादाची भुकटी तेलात मिसळते आणि पुढची घसरण आणखी सोपी होते. नुसता दाब वाढवावा, तर पट्टा, पुली आणि पंप यांच्यावर ताण येतो. पकड, तेल थंड ठेवण्याची सोय आणि संगणकाचा हिशेब, तिन्ही एकदमच बदलावी लागतात. तो खर्च पाहिला की पुष्कळदा दुसरी गाडी घेणे स्वस्त पडते.

ताकद बाहेरून आणता येते, पकड आतून घडवावी लागते. लोहाराच्या त्या मुलाने आयुष्याची अखेरची वर्षे त्या पकडीसाठीच खर्ची घातली.